मागं सरकलेलं देऊळ

सरदार रायाजीरावांची पालखी पुढं जाईपर्यंत वाटेवरच्या माणसानं जागचं हलायचं नाही, हलला की पाठीवर चाबूक, असा त्यांचा दंडक होता. एके दिवशी चालती पालखी थांबवून ते देवळापुढं उभ्या असलेल्या कृष्णाईवर कडाडले, "तू मागं सरकलीस! मी पालखीतून पाहिलं."

शिपायानं चाबूक उगारला. कृष्णाईनं विचारलं, "सरकार, माझ्यामागचं देऊळ सरकलेलं दिसलं का?"

"तेही सरकलं! माझे डोळे खोटं बोलत नाहीत."

"मग पहिला फटका आतल्या देवाला मारा. माझी पाळी त्याच्यानंतर."

शिपायानं चाबूक खाली घेतला. सरदारांनी पडदा ओढला. पालखी वळणाआड जाईपर्यंत कृष्णाई जागची हलली नाही.