काकांच्या हातचा अंतरपाट

वाट पाहावी ती कुमुदनेच. साखरपुडा झाला आणि जनार्दन दिसेनासा झाला. लग्न थेट वैशाखात. तिच्या काकांनी तर बजावूनच ठेवलं होतं, "अंतरपाट दूर होईपर्यंत मुलामुलीने एकमेकांचं तोंड बघायचं नाही. घराण्याची रीत आहे!"

एका दुपारी जनार्दन बस्त्याचं विचारायला आला. ओटीवरचा त्याचा आवाज ऐकून कुमुदचा जीव कासावीस झाला. काकांचंच धुतलेलं धोतर घेऊन ती दाराआड उभी राहिली.

"काका, मध्ये अंतरपाट असला की मुलगा-मुलगी समोरासमोर उभी राहतातच ना?"

"राहतात की."

"मग हा धरा. रीत राखायला तुमच्याइतकं भरवशाचं कोण आहे?"

काकांना नाही म्हणवेना. धोतराचं एक टोक खुंटीला, दुसरं त्यांच्या हातात.

पलीकडून जनार्दन हळूच म्हणाला, "मोगऱ्याला कळ्या आल्यात. घरात माळणारं कुणी नाही."

कुमुदला तिथून हलवेना. तो बोलत राहिला, ती ऐकत राहिली. काकांचा हात भरून आला आणि धोतर खाली घसरलं.

"कुमुद, आत हो!"

जनार्दनवरची नजर न काढता ती म्हणाली, "आता कशाला, काका? अंतरपाट दूर झाला, तोही तुमच्याच हातून."