तीन पेनांनी लिहिलेली बाग

एकदा एका सहा वर्षांच्या मुलीने बागेचं चित्र काढलं आणि तिच्या आईची तीन दिवसांची झोप उडाली. मुलीचं नाव सावनी. आई मी. दृष्टांतातल्या माणसांना नावं नसतात हे मला माहीत आहे; पण या गोष्टीत चूक कुणाची हे आधीच स्पष्ट असावं, म्हणून एवढं सांगून टाकते. बाकीचे निनावीच राहतील.

चित्राचा विषय होता 'माझी आवडती बाग'. पहिलीच्या वर्गातल्या इतर मुलांनी घसरगुंडी, फुलपाखरं, हसणारा सूर्य असं काय काय काढलं होतं. सावनीच्या कागदावर वरपासून खालपर्यंत काळ्या उभ्या रेघा होत्या, मधोमध नारळाएवढं कुलूप, एका कोपऱ्यात एक ठिपका आणि दुसऱ्या कोपऱ्यात मिशा असलेला आणखी एक ठिपका. खाली बाईंनी लाल शाईत लिहिलं होतं, 'विषय नीट समजून घेणे.' इतरांची चित्रं भिंतीवर लागली. हिचं दप्तरातून घरी आलं.

दुसऱ्या एखाद्या आईने ते फ्रिजला चिकटवून टाकलं असतं. माझं तसं होत नाही, कारण मी शिकते आहे. दूरशिक्षणाने 'बाह्य परिसर आणि स्वास्थ्य' या विषयात एम.ए. करते आहे. झाडं, माती, मोकळं आकाश यांच्या सहवासाने माणसाच्या मनावर काय परिणाम होतो, याचा हा अभ्यास. तो मी स्वयंपाकाच्या ओट्याशी करते, कुकरच्या शिट्ट्या मोजत; समोरच्या खिडकीतून पलीकडच्या इमारतीचे ड्रेनेजचे पाइप दिसतात. सासूबाईंनी एकदा विचारलं होतं, "झाडाखाली बसायचं कसं, हे शिकायला एम.ए. लागतं का गं?" मी कुकरची पुढची शिट्टी मोजली.

तर आमच्या पाठ्यपुस्तकात मुलांच्या चित्रांवर एक प्रकरण आहे. काळा रंग, उभ्या रेघा, बंद दार आणि चित्रात घरातलं कुणीच नसणं, ही चारही चिंतेची लक्षणं त्या यादीत होती. अर्धं प्रकरण वाचून आई घाबरते आणि उरलेलं वाचून स्वतःला दोष देते, असा माझा अनुभव. पोरीच्या मनात काहीतरी बंद पडलंय आणि ते माझ्यामुळे पडलंय, हे गुरुवारपासून डोक्यात घुमत होतं.

त्यात शनिवार जवळ येत होता. शनिवारी निरीक्षणवही द्यायची शेवटची तारीख. एका मोकळ्या जागी रोज ठरलेल्या वेळी वीस मिनिटं बसायचं, काय दिसलं ते लिहायचं, आणि बसण्याआधी व बसल्यानंतर आपलं मन कसं होतं याला दहापैकी गुण द्यायचे. अशा तीस नोंदी, प्रत्येकीवर मार्गदर्शकांची सही. सही नाही तर परीक्षा नाही. आदल्या वर्षी ऐन परीक्षेत सावनीला डेंग्यू झाला आणि माझं एक वर्ष गेलं. तेव्हापासून माझ्या शिक्षणाबद्दल घरात कुणी काही बोलत नाही, आणि त्या न बोलण्याचाच जास्त त्रास होतो. दुसरं वर्ष घालवलं असतं तर माझ्यातच पुन्हा पुस्तक उघडायची हिंमत उरली नसती.

वही माझी तयार होती. तीसच्या तीस नोंदी. आता ती कशी तयार झाली ते सांगते.

सावनीची शाळा साडेबाराला सुटते. दोन वाजता मला एका दवाखान्याच्या नोंदणीखिडकीवर हजर व्हावं लागतं, ते रात्री नऊपर्यंत. रविवारी दिवसभर संपर्कवर्ग. सकाळ स्वयंपाकात आणि घरकामात जाते. म्हणजे वीस मिनिटं बसायला माझ्याकडे वेळ उरतो तो साडेबारा ते एक. शाळेच्या समोरच बाग आहे. चांगली मोठी, आत जुनं चिंचेचं झाड आहे. फाटकावर पाटी आहे: सकाळी सहा ते दहा, सायंकाळी चार ते आठ. साडेबाराला तिथे कुलूप असतं. आम्ही दोघी फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसायचो. सावनी डब्यातली उरलेली पोळी खायची, मी घड्याळ बघायची, आणि वीस मिनिटांनी स्कूटर सुरू करून निघायचो. 'निसर्गाच्या सान्निध्यात रोज थोडा वेळ घालवावा' हे ज्याने लिहिलं त्याच्या बागेला बहुधा फाटकच नसावं.

मग एका सकाळी पोह्यांचा कांदा चिरून झाल्यावर मी ओट्याशी उभ्याने दहा नोंदी लिहिल्या. पुढच्या सुट्टीला आणखी दहा, मग उरलेल्या. वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं वाटावं म्हणून तीन पेनं वापरली: एक निळं, एक काळं आणि एक शाई गळणारं. 'बागेत बसले. चिंचेच्या सावलीत गारवा होता. आधी: पाच. नंतर: आठ. मन प्रसन्न झाले.' मन प्रसन्न झाले, असं मी तीस वेळा लिहिलं. पुस्तकातल्या आलेखातही रेघ वरच जाते.

रविवारी सासूबाईंना लग्नाला जायचं होतं, म्हणून सावनीला संपर्कवर्गाला घेऊन गेले. आमचे मार्गदर्शक वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, बोलणं कमी, आणि चाळिशीच्या विद्यार्थ्यांनाही ते 'तुम्ही' म्हणतात. अभ्यासकेंद्र एका प्राथमिक शाळेत भरतं, त्यामुळे आम्ही सगळे गुडघे छातीशी घेऊन लहान बाकांवर बसतो. मी वही पुढे केली. आत सावनीचं चित्र ठेवलं होतं. सह्या झाल्या की हळूच विचारायचं होतं, हिला कुणाला दाखवू का म्हणून.

सरांनी तीसही पानं वाचली. एकही सोडलं नाही. मग चित्र उचललं, सावनीला जवळ बोलावलं आणि चौकशी सुरू केली. हा ठिपका कोण? तिने सांगितलं, ते बागेचे शिट्टीवाले काका, आम्ही रोज दुपारी बाहेरच्या कट्ट्यावर बसतो तेव्हा ते आत झाडाखाली बसतात. आणि हा मिशांचा? ती मांजर. ती गजांमधून आत जाते, पण नेहमी डावीकडूनच, कारण उजवीकडचे गज जवळ जवळ आहेत. सरांनी चित्र पुन्हा पाहिलं. खरोखरच उजवीकडच्या रेघा दाट होत्या. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

त्यानंतर सरांनी खिशातून पेन काढलं, त्या चित्राखाली सही केली, तारीख घातली, केंद्राचा गोल शिक्का मारला आणि चित्र सावनीच्या हातात दिलं. माझी वही मिटून तशीच माझ्यापुढे सरकवली.

मला वाटलं, विसरले. वयोमानाने होतं. मी वही पुन्हा उघडून दिली. त्यांनी पुन्हा मिटली.

माझा तोल गेला. वर्गात बाकीचे बसलेत, मांडीला पोर टेकलीय, याचं भान राहिलं नाही. मी म्हणाले की इथे कुणाला किती वेळ मिळतो याची सरांना कल्पना नाही. मी नोकरी करून, घर सांभाळून तीस पानं लिहिली, आणि सही मिळाली ती खडूने काढलेल्या चित्राला. माझं एक वर्ष आधीच गेलंय. थट्टा करायला दुसरं कुणी सापडलं नाही का, असंही म्हणाले. त्याची लाज अजून वाटते, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटतं.

सर शांतपणे उत्तर देतील असं वाटलं होतं. ज्ञानी माणसं तसं करतात. पण त्यांचा आवाज माझ्यापेक्षा चढला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी एका विद्यार्थिनीला 'तू' म्हटलं.

"मला फसवलंस म्हणून मी चिडलेलो नाही. आयुष्यभर वह्या तपासल्यात, तीन पेनं मला पहिल्या पाच पानांतच दिसली. तू कुणाच्या बाजूने खोटं लिहिलंस त्याचा मला राग आहे. या वहीत बाग उघडी आहे. उद्या कुणी हीच वही पुढे करून म्हणेल, बघा, भर दुपारी लोक सावलीत बसतायत, आनंदात आहेत, आता आणखी काय हवं? ज्याने कुलूप लावलं त्याला तू तीस दाखले लिहून दिलेस. तिथे रोज बसल्यावर तुला खरं काय वाटायचं?"

"राग यायचा," मी म्हणाले.

"दहापैकी किती?"

"दहा."

"मग तो कुठे आहे?"

मी पुटपुटले की पुस्तकात मन शांत होतं असं दिलंय.

"बागेत गेल्यावर होतं. तू बाहेर होतीस. उन्हात, पोटची पोर घेऊन, बंद फाटकासमोर बसून ज्याचं मन प्रसन्न होतं, त्याला डॉक्टरकडे न्यावं. तुला राग येत होता, म्हणजे तुझं मन ठणठणीत होतं. या वहीत लिहिण्यासारखं तेवढंच होतं आणि तेवढंच तू गाळलंस."

मग त्यांनी सावनीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. मी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं. "हिच्या मनाला काही झालेलं नाही. कुलूप फाटकावर आहे, आणि हिने ते फाटकावरच काढलंय. तुझ्या वहीत एक खरी नोंद होती, मी तिच्यावर सही केली. आता पाच दिवस आहेत. जेवढ्या खऱ्या आणशील तेवढ्यांवर करीन."

परत येताना स्कूटरवर मी सरांवर चिडलेली होते. नंतर बाईंवर, त्यांच्या लाल शाईवर. नंतर पाटी लावणाऱ्यावर. घर येईपर्यंत फक्त मीच उरले होते.

सोमवारपासून दुसऱ्या वहीत, कट्ट्यावर बसून, जे दिसेल ते तिथल्या तिथे लिहू लागले. सोमवारी वीस मिनिटांत अकरा जणांनी ते फाटक हलवून पाहिलं. दोन म्हाताऱ्या, एक डबा घेतलेला कुरिअरवाला, काठी टेकत आलेले एक गृहस्थ, आणि शाळेतून मुलांना न्यायला आलेल्या आया. सगळ्यांनी पाटी वाचली, आत सावलीकडे एकदा पाहिलं, आणि कुणीही काही न बोलता निघून गेलं. मला सगळ्यात जास्त राग त्या न बोलण्याचा आला, कारण त्यात मी महिनाभर होते. आधी: सहा. नंतर: तीन.

मंगळवारी रखवालदाराला, म्हणजे सावनीच्या शिट्टीवाल्या काकांना, हाक मारली. तो आतून कुलूप लावून चिंचेखाली भाकरी खात होता. दुपारी बाग बंद का ठेवता, असं विचारलं. त्याने घास संपवला आणि अत्यंत समजूतदारपणे सांगितलं, "उघडी ठेवली की माणसं येऊन बसतात ना, मॅडम." तरुण पोरंपोरी बसतात, म्हणून वरून तक्रार आली, मग सगळ्यांनाच बंद. आधी: पाच. नंतर: एक. बुधवारी कट्टा इतका तापला होता की सावनी आपल्या दप्तरावर बसली. गुरुवारी काठीवाल्या गृहस्थांनी माझ्या वहीत डोकावून विचारलं, काय लिहिता? सांगितल्यावर म्हणाले, माझंही नाव घाला. शुक्रवारपर्यंत अशी चौदा नावं झाली. पाच पानांच्या प्रती आणि ती नावं एका अर्जाला जोडून मी वॉर्ड ऑफिसात दिली. तिथल्या माणसाने अर्जावर आवक क्रमांक घातला आणि उत्तर येईल म्हणाला. अजून आलेलं नाही.

शनिवारी सरांनी पाचही नोंदींवर सही केली. केंद्रातल्या लिपिकाने पानं मोजली आणि पंचवीस कमी असल्याचं सांगितलं. सरांनी चित्रही वहीला जोडायला लावलं. हे कुणाचं, असं लिपिकाने विचारलं. "बहिःस्थ विद्यार्थी लिहा," सर म्हणाले. त्याने तसं लिहिलं आणि वहीवर 'अपूर्ण' असा शिक्का मारला. माझं हेही वर्ष गेलं. पुन्हा तीस नोंदी, पुढच्या वेळी.

तीन पेनांची ती वही दिली असती तर वर्ष वाचलं असतं, हे मला ठाऊक आहे. दुसरे कुणी मार्गदर्शक असते तर सहीही मिळाली असती. घरी सांगितलं. सासूबाईंनी ती पाच पानं चष्मा लावून वाचली, आणि अर्जावर चौदा नावांखाली आपलं पंधरावं घालता येईल का, एवढंच विचारलं.

आपण ज्यावर रागावायला हवं त्यावर रागावलो नाही, तर तो राग घरच्या मुलाच्या चित्रात रोग शोधत बसतो. या गोष्टीतून मला कळलं ते एवढंच, आणि तेही उशिरा.

या सोमवारी नवी वही उघडली. पेन एकच. साडेबारा वाजता कट्ट्यावर बसले आणि पहिल्या पानावर लिहिलं, आधी: पाच. आतून रखवालदाराने आम्हाला पाहिलं, भाकरीचा हात पुसला आणि सावनीची थट्टा केली, काय गं, आज पण माझं चित्र काढणार का? सावनीने दोन्ही हातांनी गज धरले आणि गजांना नाक लावून त्याच्याकडे, त्याच्या डब्याकडे आणि चिंचेच्या सावलीकडे नीट पाहून घेतलं. मग तिने विचारलं,

"काका, बाग बंद आहे ना? मग तुम्ही आत काय करताय?"