मुंडी खाली, सावली फुकट

ह्या गोष्टीचा शेवट आधी कोण सांगंल, त्यानं माझी अर्धी मिशी काढून न्यावी.

लई जुनी गोष्ट. उघड्या माळावर मेंढरं चरायची. झाड एकबी न्हाई. दुपारी धनगर भाकरी खाऊन आडवा झाला की मेंढरं गोल करून हुबी ऱ्हायची. जी ती पुढलीच्या पोटाखाली मुंडी घालायची. फुकटची सावली.

त्यात चांदी नावाची मेंढी हुती. तिचं पहिलंच कोकरू. एक दिवस तिनं इचारलं, "आगं, लांडग्यावर नजर कोण ठिवतंय?"

"पुढली ठिवती की." पुढलीला इचारलं, तर तीबी म्हणाली, "पुढली." सवाल गोल फिरून चांदीपाशीच आला.

तिनं मुंडी भाईर काढली, तर ओढ्याकडनं लांडगा येत हुता.

"पळा गं, लांडगा आलाय."

थोरली मेंढी खेकसली, "मुंडी घाल आत. माझ्या डोस्क्यावर ऊन यायलंय. आपल्या आज्ज्या-पणज्या काय खुळ्या हुत्या व्हय?"

चांदीनं कोकराला हाक मारली. थोरलीच्या पोटाखालनंच ते बोललं, "आई, एवढ्या समद्या हितं हायत. तूच ये की आत."

लांडग्यानं तेच कोकरू उचललं.

थोरली म्हणाली, "बघितलंस? तू मुंडी वर काढलीस, म्हणून त्याला आपण दिसलो."

समद्यांनी माना हलवल्या, पोटाखालीच. कोकराची जागा सरकून भरून काढली. चांदीला मातूर परत कुणी गोलात घेतलं न्हाई.