कालवी बेटावरचा पहिला घास

कालवी बेटावर होडीतून उतरणारा पाहुणा पहिला प्रश्न जेवणाचाच विचारतो. धक्क्यावरच्या पिंपळाखाली दाजी मेथर जाळं विणत बसलेले असतात. ते मान वर न करता सांगतात, "खंयपण जेवा. हंय वाईट रांधणारी बाय नाय." मग हळूहळू खुलतात. वरच्या वाडीत घावणे आणि नारळाचा रस मिळेल. देवळामागे बांगड्याचं तिखलं मिळेल, त्यात तिरफळ जरा जास्त असतं, पण सोलकढी आहेच सोबतीला. खाडीच्या अंगाला गेलात तर तिसऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं, सुकं मागा, ओल्या खोबऱ्यातलं. तसं सुकं अख्ख्या किनारपट्टीवर नाही.

एवढं सांगून दाजी दोरा दातांनी तोडतात आणि एक गोष्ट आधीच बजावतात. ताट समोर आलं की लगेच हात घालायचा नाही. रांधणारी बाई तुमच्या समोर येऊन बसेल, तुमच्या ताटातला पहिला घास स्वतः घेईल, आणि थोडा वेळ थांबेल. मग म्हणेल, "जेवा." त्यानंतरच जेवायचं.

शहरातल्या माणसांना हे रुचत नाही. उष्टं कसं खायचं, म्हणतात. मग दाजी जाळं बाजूला ठेवतात.

फार पूर्वीची गोष्ट, असं सांगतात. तेव्हा या बेटावरही रीत साऱ्या मुलखासारखीच होती. आधी पाहुणा, मग घरातले पुरुष, सगळ्यात शेवटी बायका. रांधणारीने पाहुण्याच्या आधी जिभेवर थेंबही ठेवायचा नाही. मीठ कमी की जास्त, ते वासावरून ओळखायचं. चाखलेलं अन्न पाहुण्याला वाढणं हे पाप.

त्या काळी बेटाचा तांडेल, साऱ्या होड्यांचा म्होरक्या, होता सोमाजी. म्हातारा, पण शब्द कडक. त्याचा एकुलता एक मुलगा दर्यात गेला होता, आणि घरात उरली होती विधवा सून चांगुणा. सासरा बोलायचा कमी आणि सून त्याहून कमी. पण तिच्या हाताला चव अशी होती म्हणे, की पलीकडच्या किनाऱ्यावरचे लोक वारा पडल्याचं निमित्त करून इथे मुक्काम टाकायचे. सोमाजीला त्याचा मोठा अभिमान. तांडेलाच्या दारातून कोणी उपाशी गेला नाही, हे तो चारचौघांत सांगायचा. रांधत होती चांगुणा, पण नाव तांडेलाच्या दाराचं होत होतं. तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं. निदान तोवर तरी.

त्या वर्षी पाऊस सरता सरेना. नारळी पौर्णिमा होऊन गेली तरी होड्या दर्यात घालण्याजोगा वारा नव्हता. घरोघरी भाताची कणगी तळाला गेली होती. लोक रानातले कंद, करांदे, उकडून खात होते. अशा दिवसांत एका सकाळी एक फुटकं गलबत खडकावर येऊन आपटलं. आतले खलाशी बेटकऱ्यांनी दोर टाकून ओढून काढले. चौघे जण होते. तिघे अंगाने धड होते, चौथ्याला ताप भरला होता. किती दिवस पोटात अन्न नव्हतं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. सोमाजीने त्यांना आपल्या ओसरीवर आणून बसवलं आणि सुनेला हाक मारली.

चांगुणा टोपली घेऊन खाडीत उतरली. ओहोटी होती, आणि पुराचं पाणी ओसरून कित्येक दिवसांनी पहिल्यांदाच चिखल उघडा पडला होता. पण त्या दिवशीचं पाणी तिला वेगळं दिसलं. तांबूस, गढूळ, आणि वर साय धरल्यासारखं. चिखलात तिसऱ्या भरपूर होत्या. इतक्या, की वाकलं की ओंजळ भरत होती. मात्र त्याच चिखलात दोन कुरव पक्षी मरून पडले होते. एकाच्या चोचीत तिसरीची शिंपली अजून तशीच होती. तरी टोपली भरून ती घरी आली आणि सासऱ्यापुढे उभी राहिली.

"मामंजी, खाडीचा पाणी तांबडा झालाहा. कुरव मेलेले पडलेहत थंय. माका ह्ये तिसरे रांधूचे वाटनत नाय."

सोमाजीने ओसरीकडे पाहिलं. पाहुणे ऐकत होते. त्याचा चेहरा उतरला, मग कठीण झाला.

"अगो, दर्यो रोज रंग बदलता. दारात माणसां उपाशी बसलीहत. तेंका काय वाढू, करांदे? तांडेलाच्या घरात? तू रांध. बोलू नको."

चांगुणा आत गेली. तिने चूल पेटवली, खोबरं किसलं, मसाला वाटला. रस्सा रटरटू लागला तसा घरभर वास सुटला. ओसरीवरच्या माणसांना तो सोसवेना. एक खलाशी उठून दारापर्यंत आला आणि लाजून परत गेला. चांगुणाचा हात दोनदा पळीकडे गेला, असं सांगतात. एक थेंब जिभेवर ठेवावा, मग जे व्हायचं ते आपल्यालाच होईल. दोन्ही वेळा तिने हात मागे घेतला. उष्टं होईल. एकदा ती बोलली होती. दुसऱ्यांदा बोलली नाही.

तिघे खलाशी पोटभर जेवले. मिटक्या मारत जेवले. एकाने तर टोप पुसून घेतला आणि म्हणाला, "आवशीच्या हातचं जेवल्यासारखं वाटलं, बाय." तापकऱ्याला काही जाईना म्हणून चांगुणाने त्याला तेवढी पेज पाजली.

अजून ताटं उचलली नव्हती, तोच एक जण ओठ चोळू लागला. मुंग्या आल्यात म्हणाला आणि हसला. मग दुसऱ्याची बोटं बधिर झाली. मग पाय. शुद्ध जात नव्हती, तेच वाईट होतं. डोळे उघडे, सगळं कळत होतं, आणि श्वास तेवढा येईना. चांगुणा एकाकडून दुसऱ्याकडे धावत होती, गरम पाणी पाजत होती, पाठ चोळत होती. दिवस मावळायच्या आत तिघेही गेले.

घरातल्या कोणी अजून घास घेतला नव्हता. त्यांची पाळीच आली नव्हती.

ताप उतरला, वादळी वारा निवळला, तसा तापकरी उठला आणि मिळेल त्या होडीने आपल्या गावी गेला. तो खोटं काही बोलला नाही. आम्ही बुडालो, त्यांनी वाचवलं, जेवू घातलं, माझे सोबती मेले, आणि त्या घरात कोणी त्या अन्नाला शिवलंसुद्धा नाही, एवढंच त्याने सांगितलं. पण ते ऐकून गावाला जे समजायचं ते गाव समजलं. गलबतातल्या मालासाठी पाहुण्यांना विष घातलं.

काही दिवसांनी कालवीच्या खाडीत मचवे शिरले. त्यात तलवारी घेतलेली माणसं होती, वाट दाखवायला तो तापकरी होता, आणि पुढे होता रामजी सारंग. मेलेल्या तिघांत त्याचा धाकटा भाऊ होता, तोच टोप पुसून घेणारा. रामजी ओरडला नाही. त्याने बेटावरच्या सगळ्या होड्या एका जागी ओढायला लावल्या आणि शेजारी पेटता टेंभा धरला. होड्या जळल्या तर येतं वर्ष बेट बघणार नव्हतं, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं.

सोमाजी पुढे झाला. गुन्हा नाही, दर्याची करणी आहे, असं काहीबाही सांगू लागला. रामजीने त्याला एकच विचारलं.

"माझा भाऊ मेला. तुमचं कोण मेलं?"

बायका रडत होत्या. तेव्हा चांगुणा गर्दीतून पुढे आली. एका होडीला धरून ती उभी राहिली.

"मी रांधलंय," ती म्हणाली. "आता तुमच्यासमोर रांधतंय. तिसरे तुमच्या माणसांनी काढूचे, भांडा तुमचा, पाणी तुमचा. त्याच खाडीतले. मी खातंय."

रामजीच्या माणसांनी तिसऱ्या काढल्या. मीठसुद्धा त्यांनीच घातलं. वाळूत चूल मांडली. चांगुणा ताट घेऊन बसली आणि पहिला घास तोंडात घालायच्या आधी थोडी थांबली. त्या क्षणी तिला काय वाटलं ते कोण सांगणार? पण दाजींची आजी सांगायची, ती म्हणे एवढंच पुटपुटली, "त्या दिशीच चाखूक होया हुता."

ती खात गेली आणि सांगत गेली. आता ओठांना मुंग्या आल्या. आता जीभ माझी वाटत नाही. आता बोटं. मचव्यातली माणसं जवळ सरकली. त्या तापकऱ्याने तोंडावर हात घेतला, कारण हेच शब्द त्याने त्या ओसरीवर ऐकले होते. रामजीने टेंभा वाळूत खुपसून विझवला आणि "पुरे, बाई," म्हणत ताट काढून घ्यायला वाकला.

पण त्याच्या आधी सोमाजीचा हात ताटात पडला. म्हाताऱ्याने ताट ओढून घेतलं आणि उरलेलं सगळं, उभ्याउभ्या, घाईघाईने खाल्लं. कोणाला अडवायलाही सुचलं नाही.

"हिणां माका सांगलेला," तो रामजीकडे बघून म्हणाला. "मीच तिका गप केलंय. तुझो भाव माझ्या मोठेपणान मारलो."

सोमाजी संध्याकाळपर्यंत टिकला नाही. चांगुणा वाचली. रामजी सारंग रात्रभर तिचं डोकं वर धरून बसला, श्वास अडकला की पाठ थोपटत राहिला, असं सांगतात. सकाळी तिच्या छातीचा भाता चालू लागला. सोमाजीच्या तिरडीला रामजीने खांदा दिला आणि मचवे परत गेले. त्याने बेटाला क्षमा केली असं मात्र कोणी सांगत नाही. तो पुन्हा कधी कालवीवर आला नाही.

चांगुणा पुढे पुष्कळ वर्षं जगली. हातापायांत शक्ती आली, पण जिभेची चव आली नाही. मीठ की साखर, तिला कळत नसे. तरी ती रांधायची, आणि तिच्याच सांगण्यावरून बेटाने रीत बदलली. ती गावासमोर जड जिभेने म्हणाली होती, "पयलो घास रांधणारणीचो. उष्टा म्हणत, तर म्हणांदेत." कोणी जुन्या माणसाने पापपुण्याची शंका काढली, तेव्हा तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पुन्हा कोणी शंका काढली नाही.

दाजी इथवर आले की बहुधा पाहुण्यांपैकी कोणीतरी विचारतं, आणि घास घेतल्यावर बाईला ते ठीक वाटलं नाही, तर?

तर ती टोप उचलते आणि मागच्या अंगणात नेऊन खड्ड्यात पालथा करते. मागे एकदा देवळामागच्या घरात बरीच मंडळी जेवायला आली होती, पानं मांडून झाली होती, आणि घरच्या सुनेने असाच सगळा टोप ओतून दिला. वास चांगला होता, रंग चांगला होता. पाहुणे चिडले. सासूने उठून पेज रटरटत ठेवली, सासऱ्याने सुका जवळा भाजला, आणि सगळ्यांची क्षमा मागून तेच वाढलं. टोपात काय बिघडलं होतं ते अजून कोणाला ठाऊक नाही.

आजही कालवी बेटावर रांधणारी नाही म्हणाली, तर तिला 'का' म्हणून कोणी विचारत नाही.