जॅकेटाची फिर्याद

मिरजेच्या शालनताई कर्णिकांना मोटारसायकलवरच्या पोलिसांची जुनी लेदर जॅकेटं जमवायचा नाद होता. नवे फौजदार निंबाळकर ती बघायला आले आणि सगळ्यांत देखणं जॅकेट अंगात घालून आरशासमोर उभे राहिले.

"हा सरकारी माल. तुमच्याकडे आहे म्हणजे चोरीचाच. जप्त करतो," ते म्हणाले.

"न्या की साहेब," शालनताई म्हणाल्या. "फक्त फिर्याद नीट लिहा. मोटारसायकलवरच्या पोलिसाच्या अंगातून कुणीतरी जॅकेट काढून नेलं, आणि थंडी वाजेपर्यंत त्याला पत्ताच नाही. चोर तुमच्या खात्याला अजून सापडलेला नाही. खाली सही तुमची."

फौजदारांनी जॅकेट उतरवून खुंटीला लावलं.

"चहा छान झालाय हो, ताई," ते म्हणाले.

चहाचं आधण अजून ठेवायचं होतं.