बाळराजांचे कान आणि शिंगराचा डाग

"हे शिंगरू माझं नव्हेच!" चंदनगडचे राजे शार्दूलराव तबेल्यात गरजले. "गोंदाजी, माझं शिंगरू कुठं विकलंस?"

गोंदाजी मोतद्दार हात जोडून पुढं आला. वीस वर्षं त्यानं राजांच्या घोड्यांची निगा राखली होती. आज सकाळीच भिंगरी घोडी व्याली आणि त्यानंच शिंगरू पुसून उभं केलं होतं.

"सरकार, भिंगरीच्याच पोटचं आहे. शपथ घेतो!"

"शपथ राहू दे! बाप वादळ काळा, आई भिंगरी काळी, आणि हे तांबडं? दोघांच्याही पुठ्ठ्यावर माझ्या चंद्रकोरीचा डाग दिलाय, याच्या पुठ्ठ्यावर कुठाय? अरे, खाण तशी माती! उद्या दुपारपर्यंत काळं, चंद्रकोर असलेलं शिंगरू आणून उभं कर. नाहीतर बेड्या!"

गोंदाजी घरी आला तो उंबऱ्यातच मटकन बसला. "साळे, डाग घेऊन जन्मलेलं शिंगरू आणू कुठून गं?"

पण त्याची लेक साळू रडणारी नव्हती. थोडा विचार करून तिनं विचारलं, "आबा, उद्या राजवाड्यात काय आहे?"

"बाळराजांचे कान टोचायचेत. त्याचं काय?"

"मग आपण जाऊ की बघायला!"

दुसऱ्या दिवशी दरबार खच्चून भरला होता. वर्षाचे बाळराजे राणीसाहेबांच्या मांडीवर बसून घारे डोळे मोठे करून बघत होते. सोनारानं तार उचलली, तोच साळू ओरडली, "थांबा! हे बाळराजे खरे नव्हेत! कुणीतरी बदललेत!"

राजे ताडकन उठले. "पोरी, जिभेला काही हाड?"

साळू पुढं सरकली. "महाराज, तुमचे कान टोचलेले आहेत?"

"माझेच काय, सात पिढ्यांचे आहेत!"

"आणि राणीसाहेबांचे?"

"तीन-तीन ठिकाणी!" राणीसाहेबच म्हणाल्या.

"मग बाळराजे बिनभोकाच्या कानांचे कसे जन्मले? खाण तशी माती ना?"

"अगं वेडे, ती मागून पाडलेली भोकं! ती काय रक्तातून उतरतात?" राजे म्हणाले.

"मग महाराज, तापल्या लोखंडाचा डाग तरी कसा उतरेल?"

राजांनी हात झटकला. "डागाचं सोड! पण रंग? तो तर कुणी मागून लावत नाही!"

"खरं आहे. मग डोळ्यांचा रंग बघा. तुमचे काळे, राणीसाहेबांचे काळे. बाळराजांचे घारे कसे?"

आता राणीसाहेब भडकल्या. "कसे म्हणजे? सासूबाई घाऱ्या होत्या, आणि माझे आजोबाही!"

"तशीच भिंगरीची आई तांबडी होती, आणि वादळाचा बापही! माझ्या आबांनीच, या गोंदाजी मोतद्दारांनी, दोघांना दाणा चारलाय. काळ्या कातडीखाली तांबडा रंग दडून बसला होता, महाराज. एकट्या आईकडून आला असता, तर बापाच्या काळ्यापुढं त्याला डोकं वर काढता आलं नसतं. दोन्हीकडून आला, म्हणून उघडा पडला!"

राजांनी शिंगराच्या तांबड्या पाठीची आठवण केली, मग लेकाच्या घाऱ्या डोळ्यांत पाहिलं, आणि पोट धरधरून हसू लागले. "आजवर ऐकलं होतं, सोनारानंच कान टोचावे लागतात. आज मोतद्दाराच्या पोरीनं राजाचे टोचले!"

गोंदाजीला त्यांनी तिथंच तबेल्याचा मुख्य केलं. मग साळूला म्हणाले, "ते शिंगरू तुझं! हवं तर तुझ्या नावाचा डाग दे त्याला."

"डाग कशाला, महाराज?" साळू म्हणाली. "माझं म्हणून ओळखायला त्याला नुसती हाक मारेन की!"