खजिन्याच्या दारातली शिळा

कर्णगडच्या राजाने भर चौकात शिळा उभारली: ‘मुलांना कामाला जुंपू नये.’ तरी वीटभट्ट्यांवर पोरं राबतच होती. न्यायाधीश सगुणाबाईंनी भट्ट्यांसाठी शिपाई मागितले, सुटलेल्या मुलांच्या निवाऱ्यासाठी पैसा मागितला. राजा हसला. “कायदा दगडात कोरलाय, बाई. आणखी काय हवं?”

दुसऱ्या सकाळी खजिन्याचं दार सताड उघडं होतं. पहारेकऱ्यांच्या जागी नवी शिळा होती: ‘चोरी करू नये.’

“पहारेकरी कुठे गेले?” राजा कडाडला.

“मी भट्ट्यांवर पाठवले,” दाराशी उभ्या सगुणाबाई म्हणाल्या. “इथला कायदाही दगडात कोरलाय, महाराज.”

“दगड काय चोर अडवणार?”

“नाही ना?” त्या हळूच म्हणाल्या. “पोरांना मात्र त्याच्याच भरवशावर सोडलं होतंत.”

राजाने भट्ट्यांसाठी शिपाई दिले, निवाऱ्यासाठी पैसा सोडला. निवारा उभा राहीपर्यंत खजिन्याचं दार बंद झालं नाही.